सनद मिळाली, पुढं काय? नाशिकच्या कोर्टात नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी

सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून जिल्हा न्यायालयाच्या फाटकातून काळा कोट घालून पहिल्यांदा आत गेले, त्या दिवशी तीन जणांनी मला रस्ता विचारला. एकालाही सांगता आला नाही. कोट दिसला की लोक विचारणारच. आतल्या माणसाला काही माहीत आहे का, हे कोटावर लिहिलेलं नसतं. त्याला आता बारा वर्षं झाली. घरात माझ्याआधी कुणी वकील नव्हतं. कोर्टाची ओळख होती ती आजोबांमुळे. बांधाच्या भांडणापायी त्यांनी निफाडच्या तारखांना सतरा वर्षं घातली.

एलएलबीचा निकाल लागला की चेंबरला पोरं-पोरी येतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. मॅडम, क्रिमिनल करू की सिव्हिल? इंग्रजी कच्चं आहे, चालेल का? उभं राहून बोलायची भीती वाटते, काय करू? उत्तरं देते मी, पण मनात येतं की यांना जे विचारायला हवं ते हे नव्हे. सिनेमातला वकील बोलतो. कोर्टातला वकील दिवसातला बराच वेळ मोजत असतो. दिवस मोजतो, पानं मोजतो, सह्या कुठं कुठं राहिल्या ते मोजतो. तारीख आणि कागद या दोन गोष्टींवरून डोकं हलू न देणं, एवढीच या धंद्याची मनोवृत्ती मला समजली आहे. ती कशी अंगी आणायची ते खाली क्रमानं लिहिलं आहे. माझ्या चुकाही लिहिल्या आहेत, कारण शिकले त्यांच्यातूनच.

१. आधी स्वतःचे कागद पुरे करा

दुसऱ्यांचे कागद सांभाळणार असाल, तर सुरुवात स्वतःच्या कागदांपासून होते. सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडून मिळते. अर्जासोबत साधारण हे लागतं:

- दहावी, बारावी, पदवी आणि एलएलबीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका. विषय राहिला असेल तर तो सुटल्याची गुणपत्रिकाही
- पदवी प्रमाणपत्र, ते हाती आलं नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, पॅन, फोटो
- लागू असेल तर जातीचा दाखला
- नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला

अर्ज अडकतो तो बहुतेक शेवटच्या ओळीवर. दहावीला वडिलांचं नाव ‘रामनाथ’, पदवीला ‘रामनाथराव’, आधारवर आडनाव आधी. परीक्षा चालू असतानाच हे सरळ करून घ्या.

नोंदणी शुल्काबद्दल कॉलेजच्या कट्ट्यावर अजून जुने आकडे फिरतात. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे की, अधिवक्ता अधिनियम १९६१ मध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ती रक्कम सर्वसाधारण गटासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये.

पहिली सनद तात्पुरती असते. दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतून देता येते आणि टिपणं नसलेलं कायद्याचं मूळ पुस्तक आत नेता येतं. म्हणून काही जण तिला हलकं समजतात, आणि पुस्तकात कलम शोधता शोधता वेळ संपतो. मूळ कायद्याची अनुक्रमणिका वापरायची सवय नसेल, तर पुस्तक हातात असून नसल्यासारखंच.

अजून एक सापळा. सातपूर-अंबडच्या कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी चालू ठेवून ‘सनद तर काढून ठेवू’ असं करू नका. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही, आणि धंद्यातलं तुमचं पहिलंच प्रतिज्ञापत्र खोटं निघतं.

२. सिनियर शोधताना पाटी सोडा, टेबल बघा

मोठं नाव, मोठं चेंबर, बाहेर पक्षकारांची रांग. हे बघून आपण भुलतो. मी सांगेन, संध्याकाळी सहानंतर जा आणि टेबल बघा. फाईल मागितल्यावर दोन मिनिटांत निघते का? ज्युनिअर दावा वाचत बसले आहेत, की फक्त झेरॉक्सला पळत आहेत? उद्याच्या तारखांची तयारी आज चालू आहे का? शक्य असेल तर त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या एखाद्या ज्युनिअरला चहाला बोलवा. अर्ध्या तासात सगळं कळतं.

पैशाचं आधी बोलून घ्या. लाजू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात किमान १५ हजार विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. पण ती सूचना आहे, सक्ती नाही. आपल्याकडे अजून अनेक चेंबरांत ‘शिकायला मिळतंय ना’ यावरच भागवलं जातं. मला पहिल्या वर्षी जे मिळायचं ते बसपासात आणि डब्यात संपायचं. म्हणून घरच्यांशी बसून बोला: दोन-तीन वर्षं हातात फारसं येणार नाही, त्यांनी तेवढं धरून चालावं. हे बोलणं टाळलेली पोरं आठव्या महिन्यात कोर्ट सोडतात. अंगात गुण नव्हता असं नाही. घरात रोज रात्री ‘किती मिळाले?’ हा प्रश्न यायचा.

सिनियरकडे असताना स्वतःसाठी एक काम काढून ठेवा. निकाली निघालेल्या फाईली वाचा. दावा, कैफियत (म्हणजे दाव्याला समोरच्याचं लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, निकाल, सगळं एका गठ्ठ्यात मिळतं. आठवड्याला एक फाईल वाचली तरी वर्षात पन्नासेक होतात. कॉलेजच्या तीन वर्षांत मला ‘निशाणी पाच’ म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं. दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज येतो आणि तो पाचव्या निशाणीवर, म्हणजे फाईलमधल्या पाचव्या क्रमांकावर, लागतो, म्हणून सगळं कोर्ट त्याला तसंच म्हणतं, हे मला अशा गठ्ठ्यातून कळलं.

३. डायरी: इथं हयगय नाही

या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण वकिलाचं नाव जातं ते बहुतेक इथं.

माझं दुसरं वर्ष होतं. दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, नाना, आले, साठीचे. व्यापाऱ्यानं माल उचलून चार लाख ऐंशी हजारांचा चेक दिला होता आणि तो न वटता परत आला होता. माझे सिनियर, म्हणजे सर, बाहेर होते. मी ऐटीत वही उघडली. नाना म्हणाले, “ताई, ही बँकेची चिठ्ठी. बारा तारखेला मी स्वतः शाखेत जाऊन आणली.” मी बारा तारखेपासून तीस दिवस मोजले, नोटिशीला अजून आठ दिवस आहेत असं सांगितलं आणि चहा मागवला.

संध्याकाळी सरांनी फाईल बघितली. बँकेची चिठ्ठी उलटसुलट केली. मग मला विचारलं, “चिठ्ठी हातात कधी पडली ते राहू दे. त्यांना कळलं कधी?” मला प्रश्नच समजला नाही. त्यांनी नानांना फोन लावायला सांगितला. बँकेत नंबर मुलाचा दिलेला होता. मुलानं मेसेज शोधून वाचून दाखवला. चेक परत गेल्याचा मेसेज बारा तारखेच्या आधी सव्वीस दिवस येऊन पडला होता.

परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये नोटिशीचे तीस दिवस मोजायचे ते चेक परत गेल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून. आमची मुदत टळून अठरा दिवस झाले होते, आणि नोटिशीला झालेला हा उशीर माफ करायची सोय कायद्यात नाही. फिर्याद दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीला नाही. मला घाम फुटला. सरांनी फक्त एवढंच विचारलं, “चेकवर तारीख काय आहे?” चेकची तीन महिन्यांची मुदत संपायला नऊ दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी तोच चेक पुन्हा बँकेत टाकला, तो पुन्हा परत आला, आणि नव्यानं तीस दिवस मिळाले. चेकची मुदत आधीच संपलेली असती, तर नानांना मी काय तोंड दाखवलं असतं?

त्या रात्री मी दुसरी डायरी घेतली. तेव्हापासून माझ्याकडे दोन असतात.

पहिली डायरी तारखांची. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी: कोर्ट, मागची तारीख, आज कशासाठी आहे, पुढची तारीख. ‘आज कशासाठी’ हा रकाना नवीन लोक मोकळा ठेवतात. मग पुकारा झाल्यावर न्यायाधीश विचारतात, “कशासाठी आहे?” आणि आपण फाईल चाळत राहतो.

दुसरी वही मुदतींची. तिच्यात कोर्टानं दिलेली तारीख येत नाही, कायद्यानं दिलेली येते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला कागद असा आहे:

- चेक: माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद
- कैफियत: समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कोर्टानं वाढवून दिल्यास ९० पर्यंत, व्यापारी दाव्यात १२० नंतर दार बंद
- दिवाणी अपील: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०
- कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा आधीच टाकलेला अर्ज): ९० दिवसांनी संपतं, पुन्हा टाकावं लागतं
- आरोपी कोठडीत: पोलिसांनी दोषारोपपत्र देण्याची मुदत ६० की ९० दिवस, ते गुन्ह्याच्या शिक्षेवरून ठरवून पहिल्याच दिवशी लिहून ठेवणं

निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, पण अर्ज देण्याआधी वाया घालवलेले दिवस होत नाहीत. पक्षकार ‘बघू, घरी विचारतो’ म्हणत निघून जातो. अर्ज द्यायला घरी विचारायची गरज नसते.

ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलवर ठेवाच. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पण ॲपवर तारीख चढायला कधी कधी उशीर होतो, म्हणून शंका आली की बोर्ड (त्या दिवशीच्या कामांची यादी) आणि रोजनामा (प्रकरणात त्या दिवशी काय झालं याची नोंद) बघा. ‘ॲपवर दिसत नव्हतं’ हे कारण कुठलंही कोर्ट ऐकून घेत नाही.

आणि जिल्ह्याचा नकाशा डोक्यात ठेवा. निफाड चाळीसेक किलोमीटर, मालेगाव शंभराच्या वर. एकाच दिवशी दोन्हीकडची तारीख घेणारा माणूस मी होते. दोन्हीकडे पोहोचले नाही.

४. कागद आधी, गोष्ट नंतर

पक्षकार येतो तो गोष्ट घेऊन. गोष्ट ऐकायचीच, तो त्याचा हक्क आहे, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच माणूस निम्मा हलका होतो. पण ऐकताना तुमची पेन्सिल थांबलेली असावी. लिहायला लागायचं ते कागद समोर आल्यावर.

सिन्नर तालुक्यातल्या एक बाई आल्या होत्या. भाजीच्या पिशवीतून त्यांनी कागद काढले: दोन सातबारे, एक आठ-अ, वीजबिल, भाचीची लग्नपत्रिका, आणि गुंडाळीला रबर लावलेला मोजणीचा नकाशा. वडिलांच्या जमिनीत भाऊ हिस्सा देत नव्हता. चाळीस मिनिटं त्या बोलल्या, मधे रडल्या. मला वाटपाचा सरळ दावा दिसत होता. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. वडील तेव्हा हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. मी जवळजवळ मसुदाच मनात लिहिला होता. सवयीनं एक प्रश्न विचारला.

“ताई, भावानं कधी कुठं सही घेतली होती का?”

“सही नाही हो. राखीला गेले होते तेव्हा सिन्नरला नेलं होतं एका कचेरीत. नुसता फोटो काढला न् मशीनवर अंगठा ठेवायला लावला. बँकेचं काहीतरी आहे म्हणाला.”

फोटो आणि अंगठा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दुय्यम निबंधक कार्यालय उभं राहिलं. दस्त शोधला, नोंदणीकृत हक्कसोडपत्र निघालं. म्हणजे आता नुसत्या वाटपाच्या दाव्यानं भागणार नव्हतं; ते हक्कसोडपत्रच रद्द करून मागायला हवं होतं, आणि त्याची तीन वर्षांची मुदत फसवणूक कळल्यापासून मोजायची होती. पुन्हा तारीख. तो प्रश्न विचारला नसता तर हे मला समोरच्या वकिलानं भर कोर्टात सांगितलं असतं.

बाई खोटं बोलत नव्हत्या. आपल्याला जे दुखतं ते माणूस सांगतो, आणि कायद्याला जे लागतं ते त्याच्या लेखी किरकोळ असतं. म्हणून चार प्रश्न ठरवून टाका, प्रत्येकाला विचारायचे:

- समोरचा माणूस तुमच्याबद्दल काय म्हणेल?
- याआधी कुठं अर्ज, तक्रार, दावा केला होता का? आधी कुठले वकील होते?
- कुठं सही, अंगठा, फोटो दिला होता का?
- हे सगळं पहिल्यांदा कधी कळलं, आणि कशावरून?

जमिनीच्या कामात अजून एक गैरसमज पक्षकारासोबत वकिलालाही असतो: सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी झाली. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिनं मालकी जन्माला येत नाही. ज्या दस्तामुळे नोंद झाली तो दस्त मागा. तो नसेल तर जुने फेरफार मागत मागत मागं जा. कधी कधी कुळकायद्याच्या कलम बत्तीस-ग च्या, म्हणजे कुळाच्या जमीनखरेदीच्या, हुकमापर्यंत जावं लागतं. तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायचं काम कंटाळवाणं आहे. नाशिक जिल्ह्यात दिवाणी वकिली करायची असेल तर तीच तालीम.

मूळ कागद ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढा, मूळ परत द्या, आणि काय परत दिलं त्यावर पक्षकाराची सही घ्या. कोर्टात दाखल करायचे असतील तेव्हाच मागवा.

५. थांबायला शिका, पण रिकामं थांबू नका

सकाळी अकराला बसलेल्या माणसाचा पुकारा साडेचारला होतो, आणि समोरचा वकील मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागणारा, अर्ज देतो. पहिली दोन वर्षं मी यावर चिडायचे. मग लक्षात आलं की, कोर्ट हॉलमध्ये बसून दुसऱ्यांचा उलटतपास ऐकायला पैसे पडत नाहीत. मागच्या बाकावर बसा, वहीत फक्त प्रश्न लिहा, उत्तरं नकोत. संध्याकाळी वाचा. कुठला प्रश्न विचारायलाच नको होता ते दिसायला लागतं. आमच्याकडचे एक जुने फौजदारी वकील पंचाला, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याच्या साक्षीदाराला, पाच-सहा प्रश्न विचारून खाली बसायचे. तोच पंच दुसऱ्या एका वकिलानं दीड तास उलटतपासला, आणि सरकारी पक्षाच्या सगळ्या फटी स्वतःच्याच प्रश्नांनी बुजवल्या.

थांबण्यावरून नाशिकच्याच एका बाईंचं नाव आठवतं. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या त्या पहिल्या स्त्री. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. ती हाती पडली १९२२ मध्ये. भारतात स्त्रियांना वकिलीचं दार कायद्यानं उघडलं ते १९२३ ला. मधल्या तीस वर्षांत त्या घरी बसल्या नाहीत. पडद्यातल्या, मालमत्तेवर हक्क असूनही कुणाशी बोलता न येणाऱ्या बायकांची कामं सनदेविना करत राहिल्या. मुदतीचा तिसरा अर्ज मंजूर झाला की मी मनातल्या मनात हा हिशेब करते, आणि राग थोडा उतरतो. थोडाच.

६. कायद्याचं पुस्तक रोज उघडा

इंग्रजी कच्चं असणं हा अडथळा आहे, पण समजतो तेवढा मोठा नाही. आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. दावे, अर्ज, साक्षी मराठीत चालतात. मात्र निवाडे वाचायला इंग्रजी लागतंच, तेव्हा रोज एका निवाड्याची चार पानं वाचा. सोपं मराठी लिहिणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. ‘सबब, येणेप्रमाणे, सदरहू’ यांची माळ लावली म्हणजे मसुदा भारदस्त झाला, असं वाटण्याचा काळ सगळ्यांवर येतो. लवकर जाऊ द्या.

फौजदारीत सध्या दोन संच जवळ ठेवावे लागतात. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. गुन्हा त्याआधी घडलेला असेल तर कलमं जुन्या भारतीय दंड विधानाचीच लागतात. जुन्या लोकांच्या तोंडी अजून तीनशे दोन आणि चारशे वीस आहे. अर्जात मात्र नव्या संहितेचं एकशे तीन किंवा तीनशे अठरा लिहावं लागतं. इथंही पहिला प्रश्न तोच: घटना कुठल्या तारखेची?

७. पैशाच्या बाबतीत सरळ राहा

फी आधी सांगा, कागदावर लिहा, पावती द्या. कोर्ट फी, तिकिटं, नकलांचा खर्च वेगळा आणि तुमची फी वेगळी. दोन्ही एकाच खिशात गेले की महिनाअखेर हिशेब लागत नाही, आणि पक्षकाराला मात्र त्यानं दिलेला प्रत्येक रुपया आठवत असतो.

मोटार अपघाताच्या आणि भूसंपादनाच्या कामांत एक मोह हमखास येतो: ‘मॅडम, आत्ता काही नाही, पैसे सुटले की वीस टक्के तुमचे.’ निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. नियम बाजूला ठेवला तरी त्यानं डोकं बिघडतं. तडजोड पक्षकाराच्या फायद्याची असताना तुम्ही मनात स्वतःचे टक्के मोजायला लागता.

‘जामीन करूनच देतो’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ‘अर्ज चांगला करू, या या मुद्द्यांवर भांडू’ एवढंच सांगा. आणि रील बनवून ‘आजच संपर्क करा’ म्हणणं सोडा. वकिलाला जाहिरात करता येत नाही.

८. कोर्टातली माणसं

शिरस्तेदार, लघुलेखक, बेलिफ, पट्टेवाले, नक्कल विभाग, आवारातले टायपिस्ट. यांच्याशी नीट बोला. यांच्यातला प्रत्येक जण तुमच्यापेक्षा जास्त वर्षं कोर्टात आहे. अर्ज परत आला तर का आला ते शांतपणे विचारा. ते फुकट शिकवणं असतं.

भांडण पक्षकारांचं आहे, तुमचं समोरच्या वकिलाशी नाही. आपण त्या वकिलाशी नीट बोललेलं पक्षकाराला आवडत नाही. बार रूममध्ये आपण एकत्र चहा घेताना दिसलो की त्याला वाटतं, वकील फुटला. हे त्याला पहिल्याच भेटीत समजावून ठेवा.

न्यायाधीश रागावले तर ‘होय साहेब’ म्हणून, चूक असेल तर कबूल करून पुढं जा. चूक नसेल तर कलम दाखवा, आवाज वाढवू नका.

मुलींसाठी वेगळं एक. चेंबरला एकट्या बसलेल्या असताना माणूस आत डोकावतो आणि विचारतो, “ताई, मोठे वकीलसाहेब कधी येणार?” मला आजही विचारतात. मी खुर्ची दाखवते आणि म्हणते, “बसा दादा, कागद दाखवा.” कागदावरचे दोन नेमके प्रश्न विचारले की पुढं ते साहेबांचं नाव काढत नाहीत.

९. न्यायाधीश व्हायचंय त्यांच्यासाठी

पूर्वी पदवी घेऊन थेट परीक्षेला बसता येत होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निर्णयानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे. ती तात्पुरत्या नोंदणीपासून धरली जाते आणि तिचा दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून लागतो, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची साक्षांकित नोंदही. तेव्हा सनद घेऊन क्लासमध्ये बसून राहू नका. वकीलपत्रावर तुमचं नाव येऊ द्या, रोजनाम्यात हजेरी लागू द्या, त्याच्या नकला जपून ठेवा.

अनुभव हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात पडा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, कोठडीतले आरोपी यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे, उत्पन्न कितीही असो. मानधन थोडं असतं. पण ज्याला दुसरा कुणी वकील मिळालेला नाही असा माणूस समोर बसला की तयारी आपोआप नीट होते.

बॅगेत काय असावं

- दोन्ही डायऱ्या, आणि शाई न पसरणारं पेन, निळं आणि काळं
- जास्तीचा बँड (वकिलाच्या गळ्यातली पांढरी पट्टी)
- कोऱ्या वकीलपत्राचे पाच-सहा नमुने, कोर्ट फी तिकिटं, वकील कल्याण निधीची तिकिटं
- हिरवे कागद, टाचण्या, दोरा, छोटा स्टेपलर
- ज्या कायद्याचं काम आहे त्याचं मूळ पुस्तक. मोबाईलमधल्या पीडीएफवर कोर्टात भरवसा ठेवू नका, नेमकं तेव्हाच रेंज जाते
- प्लास्टिकची झिप असलेली मोठी पिशवी. इगतपुरीची जुलैतली तारीख असेल तर छत्रीपेक्षा ही आधी भरा. तुम्ही भिजलात तर कोट वाळतो, पण फाईलमधल्या शाईच्या सह्या वाळून परत येत नाहीत.